बाळ नावाला ‘ओ’ कधी देतं? नेवाशाच्या एका ओवीपासून आजच्या प्रयोगशाळेपर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय. फक्त ‘म्हणजे’ आणि ‘तर’ जरा कमी केलेत.

आजचा विषय एका श्रोत्या ताईंच्या प्रश्नातून निघाला. त्यांनी विचारलं, “माझं बाळ पाच महिन्यांचं आहे. नावाने हाक मारली की वळून बघतं. घरातले सगळे खूश आहेत, म्हणतात नाव कळायला लागलं. पण ते खरंच नावाला बघतं की नुसत्या आवाजाला?”

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या मागे बराच मोठा इतिहास आहे. आणि गंमत अशी की त्या इतिहासातला एक फार जुना धागा माझ्याच तालुक्यात सापडतो. म्हणून आज सुरुवात माझ्या गावापासून करते.

मी घोडेगावची. नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालात की वाटेत आमचं गाव लागतं. शनिशिंगणापूरला जाणारे इथेच वळतात. कांद्याचा लिलाव आणि शुक्रवारचा जनावरांचा बाजार, या दोन गोष्टींसाठी बाहेरच्या लोकांना घोडेगाव माहीत असतं. आणि आमचा तालुका नेवासा. याच रस्त्याने पुढे गेलं की नेवासा फाटा येतो, तिथून आत प्रवरेच्या काठी नेवासा. तिथे तो खांब आहे, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात. पैसाचा खांब. सच्चिदानंद बाबांनी लिहून घेतली. साल शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०.

आता ज्ञानेश्वरीचा आणि बाळाच्या नावाचा काय संबंध? आहे. सतराव्या अध्यायात ‘ॐ तत् सत्’ या नामाचा विषय निघतो. अडचण अशी, की ब्रह्माला ना नाव, ना जात, ना रूप. मग त्याला नाव कसं काय? ज्ञानेश्वर म्हणतात, वेदांनी ओळखीसाठी ते ठेवलं. आणि हे समजावून सांगायला ते थेट घरातल्या पाळण्याकडे येतात. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ माझ्या शब्दांत असा: मूल जन्माला येतं तेव्हा सोबत नाव घेऊन येत नाही. नाव आपण त्याला लावतो. पण एकदा लावलं, की तेवढ्या हाकेवर ते ‘ओ’ म्हणत उठतं. त्याच्या पुढच्याच ओवीत ते म्हणतात की संसाराने थकलेली माणसं गाऱ्हाणं घेऊन येतात, तेव्हा त्यांना ज्या नावाने ओ मिळते, ते हे नाव.

बघा, इथे त्यांनी दोन गोष्टी अगदी स्वच्छ वेगळ्या केल्यात. एक, नाव बाळाजवळ नसतं. दोन, तरीही ते त्या नावाला उत्तर देतं. या दोन्हींच्या मधे काय घडतं, हा आजच्या भागाचा प्रश्न.

पुढे जाण्याआधी ‘ओ’ या आपल्या शब्दाबद्दल थोडंसं. मराठीत ‘हाकेला ओ देणे’ असा वाक्प्रचार आहे. नुसतं ऐकणं वेगळं, बघणं वेगळं, आणि ओ देणं वेगळं. ओ देणं म्हणजे ‘तू मला बोलावलंस हे मला कळलं आणि मी इथे आहे’ असं सांगणं. एका अक्षरात एवढं सगळं. बाळाच्या बाबतीत शास्त्रज्ञ ज्या तीन-चार पायऱ्या वेगळ्या करतात, त्यातली शेवटची पायरी म्हणजे आपली ही ‘ओ’.

आता पहिली गोष्ट घेऊ. नाव बाळाजवळ नसतं. हे आपल्याला उघड वाटतं, पण इतिहासात अनेकांना तसं वाटत नव्हतं. मूल आतूनच भाषा घेऊन येतं, कोणी काही शिकवलं नाही तरी ते एखादी ‘मूळ’ भाषा बोलेल, असा समज बऱ्याच ठिकाणी होता. मोगल बादशहा अकबर याने हे तपासून बघायचं ठरवलं. काही तान्ही मुलं एका वेगळ्या वाड्यात ठेवली. सांभाळायला दाया दिल्या, पण त्यांना मुलांशी बोलायची सक्त मनाई. खाणंपिणं सगळं व्यवस्थित. फक्त शब्द नाही, हाक नाही. १५८२ मध्ये बादशहा स्वतः तिथे गेला. मुलांकडून बोलण्याचा एक शब्दही आला नाही, असं अबुल फजलने अकबरनाम्यात नोंदवलंय. लोक त्या जागेला गुंग महल म्हणू लागले. मुक्यांचा महाल.

ही हकिगत वाचताना अंगावर काटा येतो. (जाता जाता सांगते, याच अकबराच्या फौजेने पुढे १६०० मध्ये आपला नगरचा भुईकोट घेतला.) अकबराला जे उत्तर मुलांचं बालपण खर्ची घालून मिळालं, ते त्याच्याआधी तीनशे वर्षं नेवाशात सांगून झालेलं होतं. नाव बाळाजवळ नसतं. ते हाक मारणाऱ्याजवळ असतं.

मग बाळ ते उचलतं कधी? याच्या लेखी नोंदी ठेवायला सुरुवात झाली ती बरीच उशिरा. त्यातली एक प्रसिद्ध नोंद चार्ल्स डार्विनची. होय, उत्क्रांतीवाला डार्विन. त्याचा थोरला मुलगा १८३९ च्या डिसेंबरात जन्मला आणि डार्विनने त्याच्या वाढीची टिपणं ठेवली. ती त्याने छापली मात्र १८७७ मध्ये, ‘माइंड’ नावाच्या नियतकालिकात. त्यात तो लिहितो की सात महिन्यांचं झाल्यावर बाळाला दाईचं नाव घेतलं की ते तिला शोधायला इकडेतिकडे बघायचं. आणि नऊ महिन्यांच्या सुमारास त्याचं स्वतःचं नाव घेतलं की ते आरशाकडे वळायचं, आरसा थोडा लांब असला तरी. म्हणजे आरशातलं ते बाळ आणि आपल्या कानावर पडणारा तो शब्द, यांची सांगड त्याने घातली होती.

पण डार्विनच्या पद्धतीत एक मोठी अडचण होती, आणि तीच त्या ताईंच्या प्रश्नात आहे. बाप हाक मारतो तेव्हा त्याचा आवाज ओळखीचा असतो, चेहरा समोर असतो, हात पुढे आलेले असतात. बाळ कशाला बघतं? नुकत्याच जन्मलेल्या बाळालासुद्धा आईचा आवाज परक्या बाईच्या आवाजापेक्षा जास्त आवडतो, हे १९८० मध्ये डी-कॅस्पर आणि फायफर या दोघांनी दाखवून दिलं. कारण पोटात असतानाच तो आवाज ऐकलेला असतो. मग आईने ‘सोनू’ म्हटलं काय आणि ‘भोपळा’ म्हटलं काय, बाळ आईकडे बघणारच.

ही गाठ सुटली १९९५ मध्ये. अमेरिकेत डेनिस मँडेल, पीटर जुसिक आणि डेव्हिड पिसोनी या तिघांनी साडेचार महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला. प्रयोग समजून घेण्यासारखा आहे, कारण बोलता न येणाऱ्या बाळाला प्रश्न विचारायची ती युक्ती आहे.

बाळ आईच्या किंवा वडिलांच्या मांडीवर बसतं. डावीकडे एक दिवा, उजवीकडे एक दिवा, आणि दोन्हीकडे स्पीकर. एका बाजूचा दिवा लुकलुकतो. बाळ तिकडे बघायला लागलं की त्या बाजूच्या स्पीकरमधून एक नाव पुन्हा पुन्हा ऐकू येतं. बाळाने मान फिरवली की आवाज बंद. म्हणजे जितका वेळ बघेल तितका वेळ ऐकायला मिळेल. आवाज परक्या व्यक्तीचा, त्यामुळे आईच्या आवाजाचा प्रश्न मिटला. मग चार नावं ऐकवायची. एक बाळाचं स्वतःचं. दुसरं असं की ज्याचा ठेका स्वतःच्या नावासारखाच, जोर त्याच अक्षरावर. आणि दोन अगदी वेगळ्या ठेक्याची.

बाळांनी स्वतःच्या नावाकडे सगळ्यांत जास्त वेळ कान दिला. सारख्या ठेक्याच्या नावापेक्षासुद्धा जास्त. म्हणजे त्यांनी फक्त ताल ओळखला नव्हता, तर शब्दाचा पूर्ण नाद ओळखला होता. साडेचार महिन्यांत. अजून धड बसता येत नाही, दात नाहीत, ‘मम’ म्हणता येत नाही. आणि आपलं नाव मात्र कानाने निवडता येतं.

तर त्या ताईंना पहिलं उत्तर हे: पाच महिन्यांचं बाळ नावाला बघू शकतं. हा तुमचा भ्रम नाही.

पण लगेच दुसरी बाजू सांगते. ‘ओळखतं’ याचा अर्थ ‘हे माझं नाव आहे’ असं त्याला कळतं, असा नाही. त्याला एवढंच कळतं की हा नाद ओळखीचा आहे, हा कानावर पडला की सहसा काहीतरी चांगलं घडतं. कोणीतरी जवळ येतं, उचलून घेतं, दूध मिळतं. नाव म्हणजे ‘मी’ हे कळायला अजून पुष्कळ अवकाश असतो. आमच्या शुक्रवारच्या बाजारात उभं राहा. बैल आपलं नाव ओळखतो हे सांगायला शेतकऱ्याला कुठल्या शास्त्रज्ञाची गरज पडत नाही. पण ‘सर्जा म्हणजे मी’ असा विचार बैल करतो, असं कोणी म्हणणार नाही. साडेचार महिन्यांचं बाळ साधारण त्याच टप्प्यावर असतं. फरक एवढाच की बाळ तिथे थांबत नाही.

कसं थांबत नाही ते पाहा. आपण बोलतो तेव्हा शब्दांच्या मधे फटी नसतात. लिहिताना जागा सोडतो, बोलताना नाही. ‘बाळालाभूकलागलीका’ असा सगळा एक लोंढा असतो. त्यातून शब्द वेगळे काढायचे कसे? २००५ मध्ये हीदर बोर्टफेल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सहा महिन्यांची बाळं यासाठी स्वतःच्या नावाचा उपयोग करतात. लोंढ्यात आपलं नाव ऐकू आलं की ते जिथे संपलं तिथे पुढचा शब्द सुरू झाला, एवढं त्यांना उमगतं. नावाच्या शेजारचा शब्द ती लक्षात ठेवतात, दुसऱ्या कुणाच्या नावाशेजारचा ठेवत नाहीत. म्हणजे नाव हा बाळाच्या हाती लागलेला पहिला खुंटा. त्याला धरून ते बाकीची भाषा ओढून घेतं.

म्हणून ‘बाळाशी काय बोलायचं, त्याला कुठे कळतंय’ असं म्हणणाऱ्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

आता आपल्या मराठी घरांकडे येऊ. कारण प्रयोगातल्या बाळाला एकच नाव असतं आणि आपल्याकडे ते कधीच नसतं.

बाराव्या दिवशी बारसं. पाळणा सजतो, घुगऱ्या वाटतात, आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते आणि बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. मला बारशातली ही कानात सांगण्याची रीत फार आवडते. नाव आधी जगाला नाही, बाळाला सांगायचं. त्याला ते कळत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरीही पहिला मान त्याचा. १७९० च्या सुमारास पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी लिहिलेल्या धर्मसिंधूत तर एका बाळासाठी चार नावं सांगितलीत: देवतेवरून, महिन्यावरून, नक्षत्रावरून आणि चौथं व्यवहाराचं. त्याही आधीच्या गृह्यसूत्रांत असं एक नाव सांगितलंय जे मुंज होईपर्यंत फक्त आईबापांनाच माहीत असायचं.

सरकारी कागदाचा हिशोब वेगळा. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची, पण नाव नसलं तरी नोंद होते. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं आणि पुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणजे सरकारदरबारी बाळ कितीतरी दिवस बिननावाचं राहू शकतं. घरात मात्र ते एक दिवससुद्धा राहत नाही. बारशाच्या आधीच कोणी ‘सोन्या’ म्हणतं, कोणी ‘ठमाकाकू’.

आमच्या घरातलं सांगते. माझी भाची झाली तेव्हा पत्रिकेतलं नाव एक, बारशाचं दुसरं, आजी म्हणायची ‘बया’, आजोबा ‘पाटलीण’, आणि तिची आई ‘चिमणे’. यात बाळ कुठलं नाव ओळखणार? उत्तर साधं आहे. जे जास्त वेळा, तिच्याकडे बघून, तिच्यासाठी म्हणून उच्चारलं जातं ते. जन्मदाखल्यावरचं असेलच असं नाही. भाची आठ महिन्यांची असताना बारशाचं नाव घेतलं तर ढिम्म हलायची नाही, ‘चिमणे’ म्हटलं की मान गर्रकन वळायची.

त्यात पुन्हा मराठीची आणखी एक खोड आहे. आपण हाक मारताना नावाचं रूपच बदलतो. सुमनची ‘सुमे’ होते, गणेशचा ‘गण्या’, बाळचा ‘बाळा’. शिवाय लांबून हाक मारायची तर शेवटचा स्वर ताणायचा. मराठी माणसं बाळाशी कशी बोलतात याचा अभ्यासही झालाय. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांचा मराठी बालबोलीवरचा लेख १९६४ मध्ये ‘वर्ड’ या नियतकालिकात आला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी जगातल्या सहा भाषांमधल्या बालबोलीची तुलना छापली आणि त्या सहांत मराठी होती. आपण ‘भूर’, ‘मम’, ‘चिऊकाऊ’ म्हणतो ते नुसते लाड नाहीत. सोपे नाद, तेच ते पुन्हा पुन्हा, चढ्या सुरात. बाळाचा कान पकडायला याहून चांगलं साधन नाही, आणि आपल्या आज्या-पणज्या ते कोणी न शिकवता वापरत आल्यात.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता कडू भाग.

बाळाला नावाचा अर्थ कळत नाही, फक्त नाद कळतो. ही गोष्ट आपल्या समाजाने फार जुन्या काळापासून वापरून घेतलीय, कधी मायेने आणि कधी निर्दयपणे. पोरं जगत नसत तेव्हा आईबाप मुद्दाम दगडू, धोंडू, केरू, भिकू अशी नावं ठेवत. दृष्ट लागू नये, मरणाला वाटावं हे नेण्यासारखं नाही. वरून तुच्छ, आतून जीव ओतलेली नावं. पण ‘नकुसा’, ‘नकोशी’ हे त्यातलं नाही. पाठोपाठ मुली झाल्या, आता पुढची तरी मुलगी नको, म्हणून या मुलीचं नावच नकुसा.

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात अशा मुली शोधून त्यांची नावं बदलण्याचा कार्यक्रम झाला. २२ ऑक्टोबरला २८५ मुलींना नवीन नावांचे दाखले मिळाले. काहींनी नटीच्या नावावरून ऐश्वर्या घेतलं, काहींनी सावित्री. बातमी देशभर गाजली, परदेशातही छापून आली.

त्या बातमीकडे आज मी बाळाच्या कानाने बघते. यातली प्रत्येक मुलगी कधीतरी साडेचार-पाच महिन्यांची होती. कोणीतरी हाक मारली असेल, ‘नकुसा’. आणि तिने मान वळवली असेल, हसली असेल. तिच्यासाठी तो जगातला सगळ्यांत ओळखीचा नाद होता. त्याच खुंट्याला धरून ती मराठी शिकली. मग कधीतरी पाच-सहा वर्षांची झाल्यावर तिला ‘नको’ या शब्दाचा अर्थ लागला, आणि त्या दिवशी आपलं नाव तिला पहिल्यांदा ऐकू आलं. नाव बाळाजवळ नसतं, ते हाक मारणाऱ्याजवळ असतं, याची ही दुसरी बाजू. जे आपल्याजवळ असतं तेच आपण त्याच्या कानात घालतो.

ज्ञानेश्वरांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. परंपरा सांगते की संन्याशाची पोरं म्हणून या चार भावंडांना वाळीत टाकलं होतं. नावाऐवजी असा शिक्का ज्याच्या वाट्याला आला, त्याने नेवाशात बसून सांगावं की नाव हे ओ मिळण्यासाठी असतं, थकलेल्याला उत्तर मिळण्यासाठी असतं. मला ती जागा म्हणून फार मोलाची वाटते.

बाळपणी मिळालेलं नाव पुढे काढूनही घेतलं जायचं, विशेषतः बायकांचं. आपल्या नगरशी, राहुरीशी ज्यांचा संबंध आला त्या लक्ष्मीबाई टिळकांचं माहेरचं नाव मनकर्णिका. अकराव्या वर्षी लग्न झालं आणि त्या लक्ष्मी झाल्या. जन्मापासूनच्या हाकेला ओ देणं थांबवायचं आणि नव्या हाकेला द्यायचं, ही सवय आपल्याकडच्या किती पिढ्यांच्या मुलींनी दहा-बारा वर्षांच्या वयात केली असेल!

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते आजच्या भागातला सगळ्यांत कामाचा. बाळाने ओ दिलीच नाही तर?

आधी साधी कारणं. घरात गोंगाट फार असेल तर लहान बाळाला नाव त्यातून निवडता येत नाही. रोशेल न्यूमन यांनी २००५ मध्ये हे मोजलं. मागे लोकांच्या बोलण्याचा आवाज चालू ठेवला, आणि पाच महिन्यांच्या बाळांना नाव त्याच्यापेक्षा १० डेसिबल मोठं असेल तरच ओळखता आलं. फरक ५ डेसिबलवर आणला की नाही. नऊ महिन्यांच्या बाळांनाही ५ डेसिबलला जमलं नाही. तेरा महिन्यांच्या बाळांना जमलं. आपण मोठी माणसं बाजाराच्या गलक्यातही आपलं नाव टिपतो, म्हणून आपल्याला वाटतं बाळालाही जमेल. नाही जमत. टीव्ही दिवसभर चालू असेल तर आधी तो बंद करा, जवळ जा, आणि मग हाक मारा.

पण शांत खोलीत, मागून, पुन्हा पुन्हा हाक मारूनही नऊ-दहा महिन्यांचं बाळ वळत नसेल, तर ‘आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात’ म्हणून बसू नका. पहिली तपासणी कानाची. आपल्याकडे घरगुती परीक्षा म्हणजे मागे ताट वाजवायचं. बाळ दचकलं की ‘ऐकू येतंय’. ही परीक्षा पुरेशी नाही. ताटाचा आवाज फार मोठा असतो, त्याचा कंप अंगालाही जाणवतो. थोडं ऐकू येणारं बाळ ताटाला दचकेल आणि तरी बोलण्यातले बारीक नाद त्याला ऐकू येत नसतील. ओएई आणि बेरा नावाच्या तपासण्या असतात, बाळाला काही दुखत नाही, बेरा तर झोपेतच करतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे, त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे आणि जन्मतः असलेला बहिरेपणा त्या यादीत आहे. अंगणवाडी ताईंना, आशा ताईंना विचारा. जितक्या लवकर कळेल तितकं चांगलं, कारण कानाला नाद मिळाला तरच खुंटा रोवला जातो.

कान ठीक असूनही बाळ नावाला वळत नाही, असंही असतं. १९९४ मध्ये ज्युली ऑस्टर्लिंग आणि जेराल्डिन डॉसन यांनी पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती व्हिडिओंचा अभ्यास केला. पुढे स्वमग्नता म्हणजे ऑटिझम असल्याचं निदान झालेली ११ मुलं आणि इतर ११ मुलं. केक, फुगे, पाहुणे सगळं सारखंच. फरक दिसला तो बोटाने दाखवणं, वस्तू दुसऱ्याला दाखवणं, माणसांच्या चेहऱ्याकडे बघणं आणि नावाला प्रतिसाद देणं यात. नावाला न वळणारं प्रत्येक मूल स्वमग्न असतं असं अजिबात नाही. पण वर्षाचं झाल्यावरही वळत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवावं, एवढा त्याचा अर्थ नक्की आहे. लवकर कळलं तर त्या मुलाला त्याच्या पद्धतीने ओ द्यायला शिकवता येतं. यात कोणाचा दोष नसतो. आईचा तर मुळीच नसतो, हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे बोट आधी तिच्याकडेच जातं.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर असं. पाच महिन्यांचं तुमचं बाळ आवाजालाही बघतं आणि नावालाही. खात्री करायची तर घरातल्या दुसऱ्या कुणाला शांत खोलीत, मागच्या बाजूने, त्याच सुरात आधी एखादं भलतंच नाव घ्यायला सांगा, मग त्याचं. फरक दिसला तर समजा. नाही दिसला तरी आत्ताच काळजी करू नका, अजून दोन-तीन महिने हाका मारत राहा.

आमच्या जिल्ह्याचंही बारसं नुकतंच पुन्हा झालंय. १४९० मध्ये मलिक अहमदने वसवलेलं अहमदनगर २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झालं, जिल्ह्यातल्याच चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींच्या नावाने. घोडेगावच्या रस्त्यावर जुनी माणसं अजूनही ‘नगरला चाललो’ असंच म्हणतात, आणि पोरं नवीन नाव शिकतायत. नाव कागदावर ठेवलं जातं एका दिवसात. ते रुजतं मात्र हाका मारून मारूनच, मग ते गावाचं असो की बाळाचं.

तुमच्या घरातल्या बाळाला किती नावांनी हाक मारतात आणि ते ओ कुठल्या नावाला देतं, हे मला जरूर कळवा. पुढच्या भागात त्यातली काही नावं वाचून दाखवेन. आणि आज घरी गेल्यावर, बाळ असेल तर, टीव्ही बंद करून त्याला एकदा नीट, जवळ बसून, नावाने हाक मारा. भेटूच.